काळ्या मातीत मोठे टायर: मूळ सस्पेन्शनवर काय मिळते, काय जाते

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की वर्धा, यवतमाळ, वाशीमकडच्या पांदणींवरून चारचाकी नेणे जिकिरीचे होते. बैलबंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या असतात, त्यांच्या मधोमध मातीचा वरंबा असतो, आणि त्या वरंब्यावर गाडीचे पोट एकदा टेकले की मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात. असा प्रसंग दोन-तीनदा आला की बोलेरोसारखी गाडी वापरणारा कास्तकार टायरच्या दुकानात जाऊन एक माप मोठे टायर मागतो. कमानपाटे आणि शॉकअप कंपनीचेच राहू द्यायचे, फक्त टायर बदलायचे, असा त्याचा विचार असतो. हा विचार चुकीचा नाही. मात्र त्यातून हाती काय लागते आणि त्याची किंमत कुठे कुठे चुकवावी लागते, हे समजून घ्यायला थोडे यंत्रशास्त्र आणि बरेचसे मृदाशास्त्र लागते.

प्रथम टायरवरचे आकडे पाहू. बोलेरोला २१५/७५ आर १५ या मापाचे टायर येतात. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के असल्याचे सांगतो, आणि शेवटचा १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. हिशेब मांडला तर भिंत १६१ मिलिमीटरची आणि संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर बरेच जण २३५/७५ आर १५ चढवतात. त्याची भिंत १७६ मिलिमीटर आणि व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर असतो. चाक ३० मिलिमीटरने मोठे झाले, पण गाडी तेवढी उंच होत नाही, कारण वाढलेल्या व्यासापैकी निम्मा भाग वर मडगार्डच्या पोकळीत जातो आणि उरलेला निम्मा खाली येऊन गाडीला उचलतो. बोलेरोचे पोट जमिनीपासून १८० मिलिमीटरवर असते, ते या बदलाने १९५ वर जाते.

हे १५ मिलिमीटर थोडे वाटतात, पण ते फार मोक्याच्या जागी मिळतात. मागच्या अॅक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या दातेचाकांचा, जो लोखंडी गोळा लोंबतो, तो बहुधा गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो आणि चाकोऱ्यांमधल्या वरंब्याला सर्वांत आधी तोच टेकतो. कमानपाट्यांमध्ये जादा पाता घालून किंवा शॅकल (कमानपाटा चेसिसला जोडणारी कडी) वाढवून गाडी उचलली तर बॉडी आणि चेसिस वर जातात, अॅक्सल मात्र चाकाच्या केंद्रावरच बसलेला असल्यामुळे होता तिथेच राहतो. अॅक्सलला जमिनीपासून दूर नेण्याचा साधा उपाय चाक मोठे करणे हाच आहे. म्हणून चाकोरीत अडकणाऱ्या गाडीला सस्पेन्शन उचलण्यापेक्षा टायरचा हा छोटा बदल अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

मोठे चाक दगडगोट्यांवरून सहज चढते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. दहा सेंटिमीटर उंचीच्या उभ्या गोट्यावर चाक चढवायला केंद्रापाशी किती आडवा जोर लावावा लागतो, ते भूमितीने काढता येते. जुन्या चाकाला त्या चाकावर येणाऱ्या वजनाच्या ०.९८ पट जोर लागतो आणि नव्याला ०.९४ पट. फरक तीन-चार टक्क्यांचा आहे. तो खरा आहे, पण चालकाच्या हाताला जाणवेल इतका नाही.

टायरचा खरा कस मातीत लागतो. विदर्भाच्या मोठ्या भागातली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजे भरपूर असतात. या खनिजांचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरले की ते दूर सरकतात, त्यामुळे माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की ती आकसते आणि हात जाईल इतक्या रुंद भेगा पडतात. पाणी भरपूर प्यालेल्या अशा मातीचे वागणे रेतीपेक्षा मुळातच वेगळे असते. माती चाकाला किती पकड देऊ शकते, ते दोन गोष्टींवर ठरते: कणांमधल्या घर्षणावर आणि कणांच्या आपसांतल्या चिकटपणावर. घर्षणाचा वाटा चाकावरच्या वजनाबरोबर वाढतो, तर चिकटपणाचा वाटा चाक मातीला किती क्षेत्रफळावर टेकले आहे त्याबरोबर वाढतो. माती आणि वाहन यांच्या नात्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्यांत पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते एम. जी. बेकर यांचे नाव अग्रक्रमाने येते. १९७१ मध्ये चंद्रावर धावलेल्या गाडीच्या रचनेतही त्यांचा सहभाग होता. त्यांनी हीच विभागणी वापरून चाकाची ओढ मोजण्याची रीत मांडली.

वैनगंगेच्या किंवा वर्धेच्या पात्रातल्या रेतीत जवळजवळ सगळा कारभार घर्षणाचा असतो. भिजून चिंब झालेल्या काळ्या मातीत मात्र घर्षणाचा वाटा जवळपास नाहीसा होतो, कारण गाडीचे वजन कणांऐवजी त्यांच्यामध्ये अडकलेले पाणी पेलते आणि ते पाणी इतक्या चिकण मातीतून पटकन निसटू शकत नाही. गाडी फसली की मागे दोन पोती टाकायची, ही आपल्याकडची सवय म्हणूनच ओल्या काळ्या मातीत उलटी पडते: वजनाने पकड वाढत नाही, गाडी मात्र आणखी रुतते. इथे उपयोगी पडते ते टेकलेले क्षेत्रफळ.

हे क्षेत्रफळ मुख्यतः हवेच्या दाबावर ठरते. समजा गाडीचे वजन १६०० किलो आहे आणि प्रत्येक चाकावर ४०० किलो येतात. टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा असेल तर तो दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो भरतो, आणि ४०० किलो पेलायला टायर साधारण १६३ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा २० पीएसआयवर आणली की तीच जागा सुमारे २८४ चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील, पण दिशा हीच राहते. आता माप वाढवून हवा ३५च ठेवली, तर टेकणारी जागा जवळपास तेवढीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो. टायरसाठी मोठी रक्कम मोजूनही जो चिखलात पूर्ण हवेनिशी गाडी घालतो, त्याला मातीच्या बाजूने फारसे काही मिळत नाही; आणि जुन्याच मापाच्या टायरची हवा कमी करणाऱ्याला फुकटात पाऊणपट जास्त जागा मिळते. मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, आणि ती दुकानात फारशी कोणी सांगत नाही.

मग मोठ्या टायरचा मातीतला उपयोग कोणता? त्याची भिंत १५ मिलिमीटरने उंच असते आणि आत हवाही जास्त मावते. त्यामुळे हवा कमी केल्यावर रिम आणि गोटा यांच्यामध्ये टायर चेचला जाण्याचा धोका कमी होतो, म्हणजेच हवा थोडी अधिक उतरवता येते. शिवाय व्यास मोठा असल्याने टेकणारा पट्टा लांबट होतो. लांबट पट्टा पुढची माती कमी ढकलतो, आणि चिखलात गाडीची बरीचशी ताकद पुढची माती ढकलण्यातच खर्च होत असते.

रुंदीचा मुद्दा जमिनीप्रमाणे बदलतो. बरड, हलक्या रानात काळ्या मातीचा थर वीतभर असतो आणि खाली घट्ट मुरूम लागतो. तिथे अरुंद चाक चिखल कापून खाली मुरमापर्यंत पोचते आणि तिथे पकड धरते. लोखंडी धावेचे बैलबंडीचे चाक अरुंद असूनही अशा रानात चालत आले ते याच कारणाने. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठी मात्र गाळाची माती कित्येक मीटर खोल आहे, आणि तिथल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे खारट जमिनीच्या भागात, तिच्यातल्या सोडियममुळे कण पाण्यात आणखी सुटे होऊन माती अधिकच निसरडी बनते. तिथे खाली कापत जाऊन कुठेही तळ लागत नाही, म्हणून वरच्यावर तरंगणारे रुंद चाक आणि कमी हवा हाच मार्ग उरतो. आपली गाडी वर्षभर कोणत्या रानात जाते, हे माप निवडण्याआधी पाहावे.

आता मडगार्डच्या पोकळीकडे वळू, कारण मूळ सस्पेन्शन ठेवल्याची खरी अडचण तिथेच येते. नवे टायर बसवून गाडी दुकानाच्या सपाट फरशीवर उभी असते तेव्हा सगळीकडे बोटे घालण्याइतकी जागा दिसते आणि मालक समाधानाने निघतो. पण चाक तिथे स्थिर नसते. मागे कापसाची पोती भरली की कमानपाटे सपाट होतात; गाडीचा एक कोपरा धुऱ्यावर चढला की त्या कोपऱ्याचे चाक पोकळीत वर घुसते आणि अॅक्सल रबरी ठोकळ्याला जाऊन टेकतो; पुढचे चाक पूर्ण वळवले की त्याची कड मागच्या बाजूला, पायदानाच्या दिशेने जाते. या गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा उरणारी जागा हीच खरी जागा. ती पाहण्याची एक साधी रीत आहे. गाडीत नेहमीचा भार भरावा, मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि चेसिसच्या जवळच्या कडेला ओल्या मातीचा किंवा चुन्याचा पातळ लेप द्यावा, एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवावे आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू फिरवावे. मग तीच क्रिया दुसऱ्या बाजूने करावी. लेप जिथे पुसला जाईल तिथे टायर घासणार.

लेप कुठेच पुसला गेला नाही तरी आपल्या भागात आणखी एक हिशेब उरतो. काळी माती टायरला नुसती लागत नाही, ती त्याच्यावर थराथराने चढते. सोयाबीनचे कुटार आणि पऱ्हाटीच्या काड्या तिच्यात कालवल्या जातात, मडगार्डच्या आत त्यांचा गिलावा बसतो आणि दुपारच्या उन्हात तो विटेसारखा टणक होतो. दुसऱ्या दिवशी त्या गिलाव्यावर टायर घासून एक काळा चकचकीत पट्टा उमटलेला दिसतो, आणि लोखंडी सळईने तो खरवडून काढताना थराची जाडी दोन-अडीच सेंटिमीटर सहज भरते. मूळ मापाच्या टायरला ही जागा परवडत होती. मोठ्या टायरने वरून आणि पुढून-मागून १५ मिलिमीटर, तर बाजूने १० मिलिमीटर जागा आधीच घेतलेली असते. म्हणून कोरड्या मोजणीत निदान तीन सेंटिमीटर जागा शिल्लक राहत नसेल, तर पावसाळ्यात त्या मापाचा आग्रह धरू नये. बाहेर काढलेली रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून ही जागा करून घेणे मला पसंत नाही, कारण त्याने चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर येणारी तरफ वाढते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का हातापर्यंत पोचतो.

बाकीचे तोटे थोडक्यात सांगता येतील. चाकाचा परीघ चार टक्क्यांनी वाढला की जमिनीवरची ओढ तितकीच घटते, ब्रेकला तितकाच जोर जास्त लागतो, आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने धावते. टायरच्या परिघावर वाढलेले वजन दुहेरी मोजावे लागते, कारण ते पुढेही न्यायचे असते आणि गोलही फिरवायचे असते. हे वजन सस्पेन्शनच्या खाली असल्यामुळे मुरमाच्या उखडलेल्या रस्त्यावर शॉकअपला ते आवरणे जड जाते आणि चाक उड्या घेऊ लागते. शॉकअप आधीच थकलेले असतील तर टायरच्या आधी ते बदलावेत.

हवा उतरवण्याची मर्यादाही कडक पाळायला हवी. आपल्याकडची गाडी सकाळी पांदणीत आणि दुपारी समृद्धी महामार्गावर असू शकते. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांवर असताना आणि खालचे काँक्रीट त्याहून तापलेले असताना ही उष्णता निघून जायला वाव राहत नाही, आणि टायर फुटतो. चिखलातून बाहेर पडल्यावर डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच हवा पूर्ववत भरली पाहिजे, म्हणून सिगारेट लायटरच्या जागी लागणारा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज गाडीत असावा. ते दोन्ही जवळ नसतील तर हवा उतरवूच नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलवर निर्मात्याने दिलेले माप निवडणे सर्वांत सुरक्षित. टायरवरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. १०० हा निर्देशांक एका टायरने ८०० किलो पेलण्याची हमी देतो.

शेवटी स्टेपनी. चार टायर नवे आणि स्टेपनी जुन्याच मापाची, अशी काटकसर सर्रास केली जाते. पंक्चर झाल्यावर मागच्या अॅक्सलवर एक मोठे आणि एक लहान चाक आले, तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे दाते सतत एकमेकांवर फिरत राहतात आणि तेल तापते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत कोरड्या डांबरीवर फोर व्हील जोडलेले असेल, तर पुढच्या-मागच्या परिघांतला फरक कुठेच सुटत नाही आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर, पीळ चढत जातो. स्टेपनी त्याच मापाची घ्यावी, आणि ती मागच्या दरवाजावर टांगलेली असेल तर त्या दरवाजाच्या बिजागऱ्यांचे बोल्ट नव्या वजनाने सैल होत नाहीत ना, हे दर महिन्याला पान्हा लावून पाहावे.