जबड्याचा सांधा: चाव्यापासून दोन सुयांपर्यंत

कानाच्या छिद्रासमोर बोट टेकवून तोंड हळूहळू उघडा. खालच्या जबड्याची गाठ आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे घसरते. बिजागरी आणि सरकता दरवाजा, दोन्ही एकाच सांध्यात! मध्ये तंतुमय कूर्चेची पातळ चकती असते. इथे सूज आली की जांभईसुद्धा नकोशी होते. दुखणं मात्र कानात जाणवतं, त्यामुळे रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातो.

या दुखण्याला पहिलं गाजलेलं नाव मिळालं तेही कान-नाक-घसा तज्ज्ञाचंच. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे जेम्स कॉस्टन यांनी 1934 मध्ये अवघ्या 11 रुग्णांवरून मांडलं, की दाढा पडल्या की जबडा वर आणि मागे सरकतो आणि कानाजवळच्या नसा दाबतो. तेव्हा चाव्याची, म्हणजे वरचे-खालचे दात जिथे मिटतात त्या जुळणीची, उंची वाढवा. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी ही नस दाबली जाण्याची कल्पना खोडून काढली. पण 'दोष चाव्याचा' ही समजूत काही गेली नाही. कित्येक दशकं दातांचा वरचा भाग यंत्राने झिजवून चावा जुळवणं चालूच राहिलं, आणि झिजवलेला दात काही परत उगवत नाही.

खऱ्या संधिवाताची वाट वेगळी होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये आमवाताच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) रुग्णाला कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिलं. 1950 मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांतच स्टिरॉइडची सुई थेट सांध्यात जाऊ लागली, जबड्याच्याही. मुलांच्या संधिवातात इथे विशेष जपावं लागतं. खालच्या जबड्याच्या वाढीचं एक महत्त्वाचं केंद्र या गाठीतच असतं. सूज मुरली तर हनुवटी मागे राहते. उलट सांध्यात वारंवार दिलेलं स्टिरॉइडही वाढीला मारक ठरू शकतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट आणि 1998 नंतरची जैविक औषधं आल्यावर सूज आतून आवरणं शक्य झालं.

शस्त्रक्रियेचा इतिहास जास्त बोचरा आहे. एडिनबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी 1887 मध्ये घसरलेली चकती टाके घालून जागेवर बसवली. ते काम जवळजवळ विस्मरणात गेलं आणि 1970च्या दशकात चकतीकडे पुन्हा लक्ष गेलं. मग चकती काढून तिथे टेफ्लॉनयुक्त कृत्रिम तुकडा बसवायची टूम निघाली. चावण्याच्या जोराने त्याचा चुरा होई, शरीर त्या कणांवर तुटून पडे आणि त्या झटापटीत हाडच झिजे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला एफडीए या अमेरिकी औषध-उपकरण नियामक संस्थेने हे तुकडे बाजारातून मागे घ्यायला लावले.

तोवर जपानच्या मासातोशी ओनिशी यांनी 1975 मध्ये या इवल्याशा सांध्यात दुर्बीण घालून दाखवली होती. दुर्बिणीच्या उपचारांत एक गंमत लक्षात आली: चकती जागेवर न बसवताही, नुसत्या धुण्याने अडकलेले जबडे उघडत होते. मग दुर्बीण तरी कशाला? डॉरिट निट्झन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दोन सुयांची पद्धत मांडली. एकीतून द्रव आत, दुसरीतून बाहेर.

आता तर त्याही आधी थांबायला सांगतात. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या 2023च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट दुखण्यासाठी देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम आणि वर्तनोपचार पुढे आणले, तर चकती काढण्याला ठाम विरोध केला. मात्र या सूचना जबड्याच्या जुनाट दुखण्यापुरत्या आहेत. बोटांचे, गुडघ्यांचे सांधेही सुजत असतील, तर नुसत्या व्यायामावर भागत नाही. तिथे मूळ आमवातावरचंच औषध लागतं.