चौकोन दिसला की लगेच बटण दाबू नका : कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातलं फेस डिटेक्शन

लग्नसराई सुरू झाली की दुकानात एक तक्रार ठरलेलीच असते, "चेहऱ्यावर चौकोन तर आलाता की, मग फोटो धूसर कसा आला?" कॅमेरा बहुतेक वेळा चांगलाच असतो, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर हा कागद देतोय, एकदा नीट वाचा.

स्क्रीनवर चौकोन आला म्हणजे कॅमेऱ्याला चेहरा सापडला (यालाच फेस डिटेक्शन म्हणतात), एवढंच. फोकस अजून व्हायचा असतो. शटरचं बटण अर्धंच दाबून थांबा, लेन्स आत जरा सरकते, टीप असा आवाज येतो आणि चौकोन हिरवा होतो, मग तसंच हळू पूर्ण दाबा. पिवळा किंवा लाल झाला, नाहीतर लुकलुकायला लागला तर बोट उचला आणि परत अर्धं दाबा. एका दमात खच्चून दाबलं की फोकस झाला का नाही बघायला वेळच मिळत नाही, वर झटक्यानं हात हलतो तो वेगळाच. आणि हिरवा झाल्यावर तुम्ही पुढं-मागं झालात किंवा समोरचा माणूस सरकला तर तो फोकस जुन्या जागीच राहतो, परत धरावा लागतो.

कॅमेरा माणूस ओळखत नाही, उजेड-अंधाराची ठेवण ओळखतो. पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या संगणक-संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलेली पद्धत अशीच आहे, डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, नाकाची दांडी डोळ्यांपेक्षा उजळ, अशा खुणा जुळल्या की चेहरा. 2005 मध्ये निकॉनच्या कूलपिक्स 7900 सारख्या छोट्या कॅमेऱ्यांत चेहरा शोधायची सोय आली आणि नंतर सगळ्यांनीच घेतली. त्यामुळं गॉगल, डोळ्यांवर आलेली टोपी, एका बाजूला पूर्ण वळलेली मान, असं काही असलं की चौकोन येत नाही. नवरा-नवरीच्या मुंडावळ्या डोळ्यांपुढं लोंबत असल्या की तीच गत, आणि कधी कधी फोकस मुंडावळीच्या मोत्यांवर बसतो आणि डोळे मऊ, म्हणजे धूसर येतात. वहिनींना सांगून मुंडावळ्या जरा कानाकडं सारून घ्या, कुणी रागवत नाही.

उलटंही होतं. मिरवणुकीत मागं डिजिटल बॅनर असला की त्यावरच्या पुढाऱ्यांच्या तोंडाला चौकोन लागतात आणि आपला पोरगा राहतो बाजूला. बरेच कॅमेरे जवळचा किंवा मधला चेहरा मुख्य धरतात, कॅननमध्ये मुख्याला पांढरा चौकोन आणि बाकीच्यांना राखाडी, निकॉनमध्ये मुख्याला दुहेरी. तो चौकोन कुणावर आहे हे बघूनच दाबा. चुकीच्या तोंडावर असेल तर मेनूत एएफ (म्हणजे ऑटोफोकस) एरिया किंवा एएफ फ्रेममध्ये जाऊन सेंटर करा, मधला चौकोन पाहिजे त्या चेहऱ्यावर ठेवा, अर्धं दाबा, बोट न उचलता फ्रेम हलवून घ्या आणि मग पूर्ण दाबा. गर्दीत आमच्या मते हीच रीत खात्रीची.

शिवजयंतीच्या चित्ररथांचे रात्रीचे फोटो म्हणजे खरी परीक्षा. झूम ओढला की लेन्समधनं उजेड कमी येतो आणि फोकस नुसता शोधत बसतो, म्हणून झूम न करता दोन पावलं पुढं जावा. बेळगावजवळच्या राजहंसगडावर पाठीमागं आभाळ असलं की तोंड काळं पडतं, फेस डिटेक्शन चालू असलं तर उजेडही चेहऱ्यावरूनच मोजला जातो पण तेवढ्यानं भागत नाही, दिवसा असलं तरी फ्लॅश मारा. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत भंडारा उधळताना मात्र कॅमेरा बंदच ठेवा, लेन्स बाहेर असली की ती पूड फटीतनं आत जाते आणि मग लेन्स अडकते.

घरी आल्यावर धूसर फोटो मोठा करून बघा. चेहरा मऊ पण मागची भिंत किंवा मांडवाचा कापड लख्ख दिसत असेल तर फोकस मागं गेला. सगळंच एका बाजूला ओढल्यासारखं असेल तर हात हलला, त्याचा फेस डिटेक्शनशी काही संबंध नाही, कोपर छातीला टेकवून धरा. एवढं करूनही जमलं नाही तर या दुकानात, पण फोटो डिलीट करू नका, कार्डासकट कॅमेरा घेऊन या, त्या फोटोंवरनं बिघाड सापडतो.