पेज

पेज : धान्य, बहुधा तांदूळ किंवा त्याच्या कण्या, भरपूर पाण्यात गळेपर्यंत शिजवून पाण्यासकट घ्यायचा पातळ आहार. कोकणात व गोव्यात उकड्या तांदळाची पेज रोजच्या खाण्यात असते, सोबत लोणचे किंवा सुकी मासळी. घाटावर मात्र तिची आठवण बहुधा आजारपणातच होते.

पाण्याचे प्रमाण बदलले की पेजेचा उपयोगही बदलतो. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या हिशेबाने तांदळाच्या चौदापट पाण्यात मंड, सहापट पाण्यात यवागू (शितांसकटची दाटसर पेज) आणि चौपट पाण्यात विलेपी होते. मंड गाळून घेतात, त्यात शिते राहत नाहीत. विलेपी चमच्याने खावी इतकी घट्ट असते. वमन-विरेचनानंतरच्या (उलटी व जुलाब घडवून केलेल्या शोधनानंतरच्या) संसर्जन क्रमात, म्हणजे हळूहळू जेवणावर आणण्याच्या क्रमात, आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी, मग मुगाचे कढण अशी चढती पायरी असते. तापातून उठलेल्या माणसाला घरी जेवणावर आणतानाही हाच क्रम उपयोगी पडतो.

कृती : ७५ ग्रॅम तांदूळ दोनदा धुऊन १ लीटर उकळत्या पाण्यात सोडावेत. कण्या साधारण २० मिनिटांत शिजतात, उकड्या तांदळाला पाऊण ते एक तास लागतो. कण्या आधी कोरड्याच मंद आचेवर भाजल्या तर पेज चिकट होत नाही. उकड्या तांदळाचे शीत शिजूनही अखंड राहते, साध्या तांदळाचे विरघळून खळ होते. उकळी आल्यावर आच कमी करून झाकण किंचित तिरके ठेवावे. गच्च झाकले की पिठूळ फेस उतू जातो. याच फेसाने प्रेशर कुकरची वाफेची वाट बुजू शकते, म्हणून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. मीठ शेवटी घालावे. आधी घातले तर पाणी आटत गेल्यावर पेज खारट होते. निवताना स्टार्च आळतो आणि पेज घट्ट होते. ती सैल करायला गरम पाणीच घ्यावे.

औषधी द्रव्ये : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या द्रव्यांनी सिद्ध केलेल्या २८ यवागू सांगितल्या आहेत. घरात सुंठ, जिरे, मिरी आणि ओवा एवढे पुरे. वरील प्रमाणाला पाव चमचा सुंठ थंड पाण्यात कालवून शेवटच्या पाच मिनिटांत घालावी. कोरडी पूड वरून टाकली की तिच्या गुठळ्या होतात. जिऱ्याची फोडणी एक चमचा तुपात देऊन वरून ओतावी, कारण जिऱ्याचा सुवास तुपात चांगला उतरतो. छातीत जळजळ असेल तर सुंठ-मिरी वगळून फक्त जिरे ठेवावे. जास्त मसाला घातला म्हणून जास्त गुण येत नाही, उलट तोंड आलेल्या किंवा मळमळणाऱ्या माणसाला ती पेज घेववत नाही.

पोषण : एका मोठ्या वाटीत, म्हणजे २५० मिलिलीटर पेजेत, जेमतेम २०–२५ ग्रॅम तांदूळ असतात. त्यातून ७०–९० किलोकॅलरी आणि दोन ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने मिळतात. पाणी पोटात जाते, पचनाला विश्रांती मिळते. मात्र अंग भरून येत नाही. आजाऱ्याला आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवणे म्हणजे त्याची अशक्ती वाढवणे होय. भूक परतताच तांदळाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी मूगडाळ सोबत शिजवावी. मधुमेह असल्यास, फार गळालेल्या पेजेने साखर झपाट्याने चढते, म्हणून शिते अखंड ठेवून डाळ वाढवावी.

सहा महिन्यांवरील बाळाला पाण्यासारखी पेज भरवणे ही नेहमीची चूक. इवले पोट पाण्यानेच भरते आणि वजन वाढत नाही. चमच्यावर टिकेल इतकी ती दाट हवी. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ चमचाभर, पेज कोमट असताना घातले तर त्यातील अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडते आणि दाट पेज गिळण्याइतकी सैल होते. पाणी न वाढवता धान्य जास्त जाते. हे मिश्रण पुन्हा एकदा उकळून मगच भरवावे. वर्षाच्या आतील बाळाच्या पेजेत मीठ घालू नये.

जुलाबात मिठाची पेज चालते, पण ओआरएसची जागा ती घेत नाही. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा ग्लानी आली तर डॉक्टरांकडे नेण्यात उशीर करू नये.

साठवण : बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट पेज बाहेर राहिली की ते वाढतात, आणि त्यांचे उलटी आणणारे विष पुन्हा उकळूनही जात नाही. दोन तासांत न संपणारी पेज उथळ भांड्यात पसरून निववावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी.