छाप मारायची कधी? कोडिंग यंत्रं आणि लीन उत्पादनाची पार्श्वभूमी

सातारा-सांगली पट्ट्यात मालावर खूण करण्याची सवय किंमत, तारीख, बॅच नंबर छापणारी कोडिंगची यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीची आहे. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभा राहिला आणि पुढे पंप, इंजिनं, गाड्यांचे सुटे भाग यांच्या फाउंड्र्या या भागात वाढत गेल्या. मॉडेलचं नाव पॅटर्नवरच, म्हणजे साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यावरच बसवलेलं असतं, ते कास्टिंगवर आपोआप उठावात येतं. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू; हीट नंबर मात्र दर हीटला बदलतो. तो साच्यात सुटी अक्षरं लावून द्यायचा, नाहीतर नंतर पंच ठोकून. एखाद्या हीटमध्ये ब्लो-होल, म्हणजे हवेची पोकळ भोकं निघाली तर आठवड्याचा सगळा माल उलटापालटा न करता तेवढीच हीट बाजूला काढता येते. दोष जिथे झाला तिथेच अडवायचा, हा लीनचा, म्हणजे अपव्यय टाळून उत्पादन करण्याच्या जपानी पद्धतीचा मोठा भाग त्या नंबरात आधीपासून होता.

पाकीटबंद मालाच्या धंद्यात ही खूण कायद्याच्या वाटेने आली. १९७७ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी वजन, किंमत, महिना-वर्ष आणि पत्ता पाकिटावर आणला. तरी किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापायची मुभा होती आणि दुकानदार त्यात मनाला येईल तेवढी भर घालत. १९९० च्या दुरुस्तीनंतर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं आलं. छोट्या कारखान्याने यावर काढलेला उपाय म्हणजे रबरी टाईपचा हातशिक्का आणि शाईचा पॅड. सीलिंग मशीनवर तापलेल्या पितळी टाईपने छापणारा कोडर त्याच्या पुढची पायरी. परदेशात १९६० च्या दशकात तयार झालेलं सलग शाई फवारणारं इंकजेट आपल्याकडच्या लहान लाइनींवर यायला बराच काळ गेला.

खरा वाद यंत्राचा नव्हताच. एमआरपी आणि तारीख पाकिटाच्या फिल्मच्या रोलवरच छापून घ्यायची, की रोलवर कोरी चौकट ठेवून लाइनवर मारायची, यावर वाद होता आणि अजूनही आहे.

रोलवाल्यांची बाजू साधी आहे. ग्रॅव्ह्युअर छपाईत सिलिंडर एकदा कोरला की किंमत ठळक, स्वच्छ येते, पुसत नाही, आणि लाइनवर एक यंत्र कमी. यंत्र कमी म्हणजे बिघाड कमी. सकाळी लाइन सुरू करताना इंकजेटचा नोझल वाळलेला निघाला, तर सॉल्व्हंट मारून तो मोकळा होईपर्यंत भरणी मशीन आणि माणसं ताटकळतात. हळदीच्या पॅकिंगमध्ये आणखी एक अडचण. भुकटीचा बारीक थर तयार पाकिटावर बसलेला असतो, शाई प्लॅस्टिकऐवजी त्या थरालाच धरते आणि बोट फिरवलं की तारीख निघून हाताला येते. असं एक पोतं परत आलं की मालक म्हणतो, छापूनच आणा.

पण रोल किलोच्या हिशेबाने येतात आणि छपाईवाला ठरावीक वजनाखाली ऑर्डर घेत नाही. पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे ग्रॅम असे चार साइज असतील तर चार सिलिंडर संच आणि चार ढीग. त्यातला दोनशे ग्रॅमचा माल उठला नाही की तो रोल गोडाऊनमध्ये पैसा अडवून बसतो. किंमत बदलली तर तो भंगारात. लीनच्या सात अपव्ययांत अतिरिक्त साठा आणि गरजेआधी केलेलं काम दोन्ही मोजले जातात, आणि किंमत छापलेला रोल दोन्हीत बसतो. मला ही दुसरी बाजू जास्त पटते. बदलणारी माहिती जितकी उशिरा छापाल तितका कमी माल अडकतो.

हळदीच्या थराचं उत्तरही लाइनवरच सापडलं. उभ्या भरणी मशीनमध्ये फिल्म कॉलरवरून वळून नळी होण्याआधी काही अंतर सपाट धावते. उष्णतेने रिबनवरची शाई उतरवणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर तिथे बसवला की रिबनवरची छाप कोऱ्या, स्वच्छ फिल्मवर पडते आणि भुकटी नंतर भरली जाते. तोटा इतकाच की प्रिंटहेडपासून सीलपर्यंतची काही पाकिटं बॅच बदलताना जुन्या छापाची निघतात. ती बाजूला काढावीच लागतात. घाईत न काढणारे ऑपरेटर सगळीकडे असतात.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हा वाद कागदावरून गोडाऊनमध्ये उतरला. न विकलेल्या मालावर सुधारित किंमत स्टिकर लावून किंवा छाप मारून देण्याची परवानगी आधी ३० सप्टेंबरपर्यंत मिळाली, मग मुदत वाढली. अट अशी की जुनी किंमत झाकायची नाही, ती दिसली पाहिजे. ज्यांच्या रोलवर किंमत छापलेली होती त्यांना भरलेल्या मालाबरोबर न वापरलेल्या छापील रोलचाही हिशेब करावा लागला. खोकी उघडा, स्टिकर चिकटवा, पुन्हा टेप मारा. ज्यांची चौकट कोरी होती त्यांनी प्रिंटरवरचा आकडा बदलला आणि लाइन सुरू केली.

पुढे २०२२ मध्ये एककामागे किंमत छापणं आलं. एक किलोपेक्षा कमी वजनाला ग्रॅमचा भाव, जास्तीला किलोचा. किंमत बदलली की हाही आकडा बदलतो. बॅच, महिना, एमआरपी आणि वर हा भाव, एवढं सगळं रबरी टाईपच्या चौकटीत वाचता येईल असं बसवणं कठीणच. २२ सप्टेंबर २०२५ ला तूप, फरसाण यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि छापील रोलचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

या सगळ्यात जपानचा धागा थेट आहे. क्यूआर कोड १९९४ मध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या तिथल्या एका उद्योगसमूहात, भागांचा माग ठेवण्यासाठी जन्मला. त्याआधी कानबान कार्डांवर, म्हणजे कोणता भाग किती हवा ते सांगणाऱ्या लीनमधल्या कार्डांवर बारकोड होते आणि त्यांत माहिती मावत नव्हती. आपण तो यूपीआयचे पैसे द्यायला वापरतो. औषधांच्या निवडक ३०० ब्रँडवर मात्र १ ऑगस्ट २०२३ पासून माग काढण्यासाठीच तो किंवा बारकोड सक्तीचा झाला.

तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचा प्रश्न सुटायचा आहे. बेदाणा उन्हाळ्यात शेडवर तयार होतो, कोल्ड स्टोअरेजमध्ये महिनोन् महिने राहतो आणि मागणी येईल तसा पाकिटात जातो. खाद्यपदार्थांच्या नियमात उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख चालते, म्हणून पाकिटावर बहुधा पॅकिंगचा दिवस येतो. फेब्रुवारीत वाळवलेला माल नोव्हेंबरची तारीख घेऊन दुकानात जातो. त्यात बेकायदा काही नाही. पण तक्रार आली तर शेड आणि स्टोअरेजच्या लॉटपर्यंत पोचायचा एकच रस्ता उरतो, बॅच नंबर. अनेक ठिकाणी तो नंबर त्या दिवशीच्या पॅकिंगचाच असतो, लॉट पावतीवर राहतो आणि पावती फाइलमध्ये. लॉटचे शेवटचे चार आकडे बॅच नंबरात घालायला प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलावी लागते, नवं यंत्र नाही.