सभेला कधीही न गेलेला सभासद

परभणी-हिंगोलीकडच्या एखाद्या संशोधकाला दूरच्या विद्वत्सभेचं मानद सदस्यत्व मिळतं, तेव्हा त्याच्या आभाराच्या पत्रात एक वेगळाच ओलावा असतो. त्याला नुसती नम्रता म्हणणं मला अपुरं वाटतं. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मनमाड-हैदराबाद रेल्वे आली तीच 1900 च्या सुमारास. औरंगाबादला विद्यापीठ 1958 मध्ये झालं, परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 मध्ये. मुंबईत मात्र 1804 पासून विद्वत्सभा भरत होती. अजिंठ्याच्या शिलालेखांवर डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लिहिलं, तेही तिथेच वाचलं गेलं. लेणी आमची, चर्चा चारशे किलोमीटरवर.

विद्वानांच्या मान्यतेचं आम्हाला अप्रूप आहे, ते फार जुनं आहे. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, ही कथा इथे घराघरांत माहीत आहे. पण तिथे स्वतः जावं लागलं, समोर उभं राहावं लागलं. न जाता, नुसत्या लिहिण्यावर मिळणारा मान ही वेगळी गोष्ट आहे. तिचं सगळ्यात सुंदर उदाहरण हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचं आहे.

अँटोनी व्हान लेवेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी. विद्यापीठात शिकलेला नव्हता, लॅटिन येत नव्हतं, आणि त्या काळी लॅटिन नसणं म्हणजे विद्वानांच्या दाराबाहेर उभं असणं. स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जे दिसे ते तो आपल्या डच भाषेत लिहून काढी. लंडनची रॉयल सोसायटी ही विज्ञानाची विद्वत्सभा 1660 ची. गावातल्याच रेनिये द ग्राफ या वैद्याच्या शिफारशीवरून 1673 मध्ये त्याचं पहिलं पत्र तिथे पोहोचलं. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ते भाषांतर करून छापलं. मला या सगळ्यात ओल्डेनबर्गच मोठे वाटतात. अनोळखी दुकानदाराचं पत्र त्यांनी बाजूला टाकलं नाही.

1676 मध्ये त्याने पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांबद्दल लिहिलं. विश्वास बसणं अवघड होतं. त्याने गावातल्या प्रतिष्ठितांच्या साक्षी लिहून पाठवल्या. पुढच्या वर्षी सोसायटीतल्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने स्वतः प्रयोग करून ते जीव सोसायटीला दाखवले, तेव्हा शंका मिटली. 1680 मध्ये लेवेनहूकला फेलो निवडलं. मानद नव्हे, पूर्ण सभासद. तो मात्र एकाही सभेला गेला नाही.

आभार मानताना त्याने लिहिलं की या मानाला अधिक पात्र होण्यासाठी मी आयुष्यभर झटेन. आणि तो खरंच झटला. पहिल्या पत्रापासून पन्नास वर्षं, अगदी शेवटच्या आजारातही सांगून लिहवून घेत, पत्रं जातच राहिली.

1723 मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे मुलगी मारिया हिने एक पेटी लंडनला पाठवली. तीत चांदीचे 26 सूक्ष्मदर्शक होते, आणि प्रत्येकासमोर त्याने पाहण्यासारखं काहीतरी आधीच बसवून ठेवलं होतं.