वन-मेक मोटारशर्यत आणि इंधनछापाचे प्रायोजकत्व

वन-मेक शर्यत म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या आणि एकाच ताकदीच्या गाड्यांची शर्यत. इथे स्पर्धकाला गाडी निवडायची मुभा नसते. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स ठरलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी पेट्रोलही आयोजक देतील तेच भरावे लागते. अशा शर्यतींच्या वर्षभराच्या मालिकेला मोसम म्हणतात. एखादी तेल कंपनी आपल्या पेट्रोलचे किंवा वंगणाचे नाव मोसमाला देते आणि त्या बदल्यात पैसा, इंधन, बक्षिसे किंवा चालकाचा खर्च उचलते, त्याला इंधनछापाचे प्रायोजकत्व म्हणता येईल.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या वाचकाला यातले तत्त्व कुस्तीच्या मैदानावरून चटकन कळेल. मैदानात जोड लावताना वजन, वय आणि तयारी पाहून तोडीस तोड पैलवान समोरासमोर उभे करतात, म्हणजे निकाल डावावर लागतो. बैलगाडी शर्यतीचे तसे नाही. तिथे ज्याची खोंडे जातिवंत आणि ज्याचा खुराक भारी त्याची गाडी पुढे, आणि त्यातच त्या खेळाची शोभा आहे. वन-मेक शर्यत कुस्तीच्या जातीची. यंत्रातला फरक काढून टाकायचा आणि उरलेला फरक माणसाचा आहे असे समजायचे. सर्वसाधारण मोटारशर्यतीत ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचे इंजिन चांगले, हा नियम इतका पक्का आहे की सामान्य घरातल्या मुलाला वर चढायला वन-मेकचा हा एकच जिना त्यातल्या त्यात परवडतो.

फ्रान्समध्ये १९६६ साली रेनो आठ गोर्डिनी गाड्यांचा चषक सुरू झाला. तो या प्रकारच्या सुरुवातीच्या स्पर्धांपैकी एक मानला जातो. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत बीएमडब्ल्यू एम-वन गाड्यांची प्रोकार मालिका युरोपातील ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वन या सर्वोच्च दर्जाच्या मालिकेतल्या शर्यतींच्या जोडीला झाली. पहिल्या वर्षी निकी लाउडा आणि दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके अजिंक्य ठरले. १९९३पासून फॉर्म्युला वनच्या आठवड्यातच पोर्शेची सुपरकप मालिका भरते आणि तिच्या नावात मोबिल वन या वंगणाचे नाव जोडलेले आहे.

भारतात ही कल्पना एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या फॉर्म्युला मारुतीपासून रुजली. मारुतीचे इंजिन बसवलेली एक आसनी गाडी हे तिचे रूप होते. पुढे २०१०मध्ये फोक्सवॅगनने पोलो कप सुरू केला. त्या पहिल्या गाड्या डिझेलवर धावत होत्या, ही गोष्ट आज फारशी कोणाला आठवत नाही. त्यानंतर त्याच कंपनीने व्हेंटो आणि अमिओ गाड्यांचेही चषक भरवले. बंगळूरजवळच्या बिडदीत बनणाऱ्या टोयोटा इटिओसचीही अशी मालिका झाली.

इंधन सारखे ठेवण्याची तऱ्हा

सगळ्यांना एकच पेट्रोल दिले तर पेट्रोल कंपनीला सांगण्यासारखे काय उरते, हा प्रश्न रास्त आहे. टायरचे किंवा इंजिनचे श्रेष्ठत्व प्रतिस्पर्ध्याला हरवून दाखवता येते. वन-मेकमध्ये पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांच्या टाकीत तेच पेट्रोल असते. तेव्हा कंपनीला इथे विजय मिरवता येत नाही, भरवसा मात्र मिरवता येतो. वीस-पंचवीस गाड्या पूर्ण थ्रॉटलवर अर्धा तास धावल्या आणि पेट्रोलमुळे एकही इंजिन बिघडले नाही, एवढेच तिला सांगायचे असते. प्रस्तुत लेखकाला हा दावा जाहिरातीतल्या इतर कुठल्याही दाव्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण तो डोळ्यांसमोर तपासला जातो.

हे समजायला ऑक्टेन समजला पाहिजे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबले जाते आणि ठिणगी पडल्यावर आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. दाब किंवा उष्णता फार वाढली तर ती आग पोहोचायच्या आधीच दुसऱ्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमधला मेस्त्री याला ‘गाडी नॉकिंग मारते’ म्हणतो. शर्यतीच्या इंजिनात असे काही मिनिटे चालले तरी पिस्टनला भोक पडू शकते. ऑक्टेनचा आकडा जितका वर, तितके पेट्रोल हा अवेळी भडका टाळते. भारतात साधे पेट्रोल बराच काळ ९१ ऑक्टेनचे होते. इंडियन ऑईलने १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० हे पेट्रोल डिसेंबर २०२०मध्ये काही निवडक शहरांत आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. वाढीव ऑक्टेनने साध्या गाडीची ताकद वाढते असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. इंजिनची रचना किंवा त्याचा संगणक त्या ऑक्टेनचा उपयोग करून घेणारा असेल तरच फरक पडतो.

इंधनात कोणी भेसळ करू नये म्हणून आयोजक ते एकाच साठ्यातून वाटतात आणि शर्यतीनंतर नमुना काढून घेतात. पहिली चाचणी घनतेची असते. पेट्रोलपंपावर फळ्यावर रोज घनतेचा आकडा लिहिलेला असतो, तीच ही मोजणी. त्यापुढे प्रयोगशाळेत इंधनाचे घटक वेगळे करून मूळ नमुन्याशी ताडून पाहतात. तापमानाकडेही लक्ष ठेवावे लागते. दहा अंशांनी गार केलेले पेट्रोल आकारमानाने सुमारे सव्वा टक्का आकसते, म्हणजे तेवढ्याच टाकीत थोडे जास्त मावते. त्यामुळे बर्फात डबा ठेवून पेट्रोल गार करणे हीसुद्धा लबाडीच ठरते. वरच्या स्तरावर हे नियम किती कडक असतात याचे उदाहरण २०२१च्या हंगेरी ग्रांप्रीत घडले. सेबास्टियन फेटल दुसरा आला होता, पण तपासणीसाठी एक लिटर इंधन काढता आले पाहिजे हा नियम असताना त्याच्या गाडीतून ०.३ लिटरच निघाले आणि त्याला बाद करण्यात आले.

गाड्या तंतोतंत सारख्या असल्यामुळे वन-मेक मालिका नव्या इंधनाची प्रयोगशाळाही होते. २०२१च्या मोसमात सुपरकपमधल्या सर्व पोर्शे ९११ जीटी-थ्री कप गाड्यांनी एस्सोचे नूतनक्षम, म्हणजे पुन्हा पुन्हा तयार होऊ शकणाऱ्या घटकांचे रेसिंग इंधन वापरले. वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्यांत हा प्रयोग केला असता, तर बिघाड इंधनाचा की इंजिनचा हे ठरवता ठरवता मोसम संपला असता.

पैसा आणि माणूस

प्रायोजकत्व म्हटले की गाडीवरचे स्टिकर, वळणावरचे फलक आणि व्यासपीठामागचा पडदा डोळ्यांसमोर येतो. खरा फरक पडतो तो चालकाच्या प्रवेश शुल्कात. गाडी कंपनीची असली तरी मोसमाचे शुल्क, प्रवास, राहणे, हेल्मेट आणि आगीपासून वाचवणारा पोशाख यांचा खर्च चालकाच्या अंगावर पडतो. यावर आजवरचा सर्वात चांगला उपाय एका तेलछापानेच दाखवला. १९६७ साली बाजारात आलेल्या एल्फ या फ्रेंच छापाने मोटारशर्यत शिकवणाऱ्या शाळांमधल्या होतकरू मुलांसाठी स्पर्धा ठेवली आणि जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षाचा पूर्ण मोसम बक्षीस म्हणून दिला. १९७५ साली ती स्पर्धा आलाँ प्रॉस्ट या तरुणाने जिंकली. १९७६मध्ये तो त्या पैशावर फॉर्म्युला रेनो या नवोदितांच्या मालिकेत उतरला, तिथे अजिंक्य ठरला आणि पुढे १९८५, १९८६, १९८९ व १९९३ अशी चार विश्वविजेतेपदे त्याने मिळवली. चषक देणे सोपे असते. पुढचे वर्ष देणे अवघड असते, आणि मुलाच्या उपयोगाचे तेच असते.

निपाणी परिसराला एक वेगळा धागाही ओळखीचा वाटेल. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेल आणि टायर कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर शर्यतीच्या गाड्यांवर बाहेरच्या जाहिरातींना परवानगी मिळाली आणि १९६८मध्ये लोटस या संघाच्या गाड्या गोल्ड लीफ सिगारेटच्या रंगात उतरल्या. त्यानंतर कित्येक वर्षे या खेळाचा मोठा पोशिंदा तंबाखू होता. भारतात २००३च्या कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वाला बंदी आली. निपाणीची बाजारपेठ ज्या पिकावर उभी राहिली त्या पिकाचे नाव गाड्यांवरून गेले आणि तेलाचे छाप पुन्हा पुढे सरकले. आरोग्याच्या दृष्टीने ही बंदी योग्यच होती.

भारतात मात्र तेल कंपन्यांपेक्षा टायर कंपन्यांनीच हा खेळ जगवला. एमआरएफ आणि जेके टायर या नावांशिवाय आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांचा इतिहास लिहिता येत नाही. एलजीबी नावाची एक आसनी गाड्यांची मालिका तर कोइमतूरच्या साखळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने चालत आली आहे. तेल कंपन्या मागे राहण्याचे कारण बाजारात शोधावे लागेल. पेट्रोलचा दर जून २०१०पर्यंत आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४पर्यंत सरकारी नियंत्रणाखाली होता. सगळ्यांचा दर जवळपास एक आणि माल जवळपास एक, मग छापाचा डंका वाजवायचा कशासाठी? ती गरज २००२मध्ये भारत पेट्रोलियमने ‘स्पीड’ हे विशेष पेट्रोल आणल्यावर निर्माण झाली, आणि त्या छापाने नारायण कार्तिकेयन याला आपला चेहरा केले. २००५मध्ये तो जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. अलीकडे इंडियन ऑईलने हे क्षेत्र अधिक मनावर घेतलेले दिसते. सप्टेंबर २०२३मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपी शर्यतीला तिचेच नाव होते. ती शर्यत मोटारसायकलींची होती. चारचाकी वन-मेकमध्ये एल्फसारखी शाळेपासून मोसमापर्यंतची साखळी आपल्या कुठल्याही तेल कंपनीने अजून बांधलेली नाही.

सीमाभागाचा संबंध

बेळगाव जिल्ह्यात कायमस्वरूपी मोटारशर्यतीचा ट्रॅक नाही. देशातले मोठे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई, कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडा इथे आहेत. त्यातल्या चेन्नईचे अंतर बेळगावहून साधारण साडेआठशे किलोमीटर भरते. जवळचे ठिकाण कोल्हापूर. तिथे गो-कार्टिंगचा ट्रॅक आणि रेसिंगचे प्रशिक्षण आहे, आणि त्या शहराचा कृष्णराज महाडिक फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यात राज्याची सीमा आहे, पण मुलगा हायवेने दोन-अडीच तासांत कार्टवर बसू शकतो. अजून तरी सीमाभागाला या खेळाकडे नेणारी खरी वाट हीच आहे.

या महामार्गावर इंधनाचा विषय रोजच्या बोलण्यातला आहे. दोन्ही राज्यांच्या विक्रीकरात फरक असल्यामुळे बरीच वर्षे कर्नाटकातले पेट्रोल-डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त राहिले. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळीपासून पंपांची रांग लागते आणि एमएच पाटीच्या गाड्या टाकी भरून घ्यायला वळतात. इथला गिऱ्हाईक पंप निवडताना छापाच्या आधी राज्य पाहतो. सीमाभागात एखाद्या इंधनछापाला लोकांच्या मनात घर करायचे असेल तर दराच्या पलीकडचे काही तरी द्यावे लागेल, आणि शर्यतीचे प्रायोजकत्व त्यात बसते असे वाटते.

मोटारीशी या भागाचे नाते त्याहून जुने आणि हाताला काळे लागलेले आहे. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातल्या फाउंड्री व मशीन शॉप, तसेच कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती देशभरच्या वाहन उद्योगाला ओतीव आणि घडीव भाग पुरवतात. तिथल्या कामगाराला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा अर्थ सांगावा लागत नाही. एकसारखे भाग शेकड्यांनी काढणे हेच त्याचे रोजचे काम, आणि वन-मेक शर्यतीचा पाया तोच आहे. पंचवीस गाड्या खरोखर सारख्या असतील तर त्या सारख्या करणारे हात अशाच वसाहतींतले असतात. त्यांचे नाव मात्र गाडीच्या पत्र्यावर कधी चढत नाही.

दुसरा दुवा उसाचा आहे. बेळगाव हा कर्नाटकातला अग्रगण्य ऊस जिल्हा आहे. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ अशी कारखान्यांची नावे इथल्या घरोघरी असतात. श्री रेणुका शुगर्सचे नोंदणीकृत कार्यालय बेळगावात आहे आणि राष्ट्रीय पातळीवर नावाजलेली एस. निजलिंगप्पा साखर संस्थाही याच शहरात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०३०वरून २०२५वर आणल्यापासून साखर कारखान्यांच्या हिशोबात इथेनॉलचे महत्त्व फार वाढले. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो आणि त्याची वाफ होताना ते सिलिंडर थंड करते. शर्यतीच्या इंजिनाला हे दोन्ही गुण हवेच असतात. उणी बाजूही आहे. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ते जास्त लागते आणि तेवढ्या जास्त वेळा टाकी भरावी लागते. अमेरिकेच्या इंडीकार मालिकेत सर्व संघ एकाच बनावटीचा सांगाडा वापरतात आणि इंजिने दोनच कंपन्यांची असतात. तिथे २०२३पासून शेलचे पूर्णपणे नूतनक्षम इंधन वापरतात, आणि त्यातले इथेनॉल उसाच्या चोथ्यासारख्या टाकाऊ भागांपासून काढलेले असते. गळीत हंगामात संकेश्वर-निपाणी रस्त्याने जाताना कारखान्याच्या आवारात ज्याचे डोंगर दिसतात, तोच हा चोथा.