भैरवी नेमकी का अडते

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी माळ्यावर तीन खोकी भरून सीडी आहेत. बहुतेक शास्त्रीय गायनाच्या, थोड्या सतार-सरोदच्या, आणि काही घरगुती बैठकांच्या. या शेवटच्या कोणीतरी कॉम्प्युटरवर उतरवलेल्या, वर मार्करने राग आणि तारीख लिहिलेली. या सगळ्या ठेव्याचे मालक म्हणजे आप्पा, माझे सासरे. त्यांची म्युझिक सिस्टीम गेल्या पावसाळ्यात कायमची बसली. मागणी साधी होती: रात्री अकरानंतर कोणाची झोप न मोडता हेडफोन लावून ऐकता आलं पाहिजे, आणि पाच हजारांच्या वर एक रुपया जाता कामा नये. "आजोबा, मोबाइलवर सगळं मिळतं," असं माझा मुलगा म्हणाला, तेव्हा आप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मग एका रविवारी डायनिंग टेबलावर तीन यंत्रं मांडली. शेजाऱ्यांचा जुना डिस्कमन (हातात मावणारा सीडी प्लेअर), नणंदेकडे धूळ खात पडलेला डीव्हीडी प्लेअर, आणि "नाही आवडला तर परत" या बोलीवर दुकानातून आणलेला, हेडफोनचं भोक असलेला एक स्वस्त नवा प्लेअर. त्याच्या खोक्यावर सोनेरी अक्षरात '24 बिट, 192 किलोहर्ट्झ' असं छापलं होतं.

त्या सोनेरी अक्षरांचा निकाल आधी लावू. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेली सीडी 1982 च्या ऑक्टोबरमध्ये जपानात बाजारात आली, आणि तेव्हापासून तिच्यावर साठवलेल्या आवाजाचं माप बदललेलं नाही. दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना 16 बिटमध्ये, म्हणजे शून्य-एकच्या 16 आकड्यांत, लिहायचा. माणसाचा कान फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंत ऐकतो, आणि एखादी कंपनं अचूक टिपायला त्यांच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. 16 बिटमुळे सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर राहतं. ख्यालाच्या आलापापासून तराण्यापर्यंत सगळं त्यात आरामात मावतं. खोक्यावरचा 24 हा आतल्या चिपचा आकडा आहे, सीडीवर 16 च आहेत. पातेलं मोठं घेतलं म्हणून दूध वाढत नाही.

शिवाय सीडी वाचण्याचं काम स्वस्त प्लेअरही चोख करतो. सीडीच्या पोटात एकच अखंड चक्राकार रेघ असते. तिच्या दोन वेढ्यांत अंतर 1.6 मायक्रॉन. ती उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल, म्हणजे ठाणे स्टेशनपासून धरली तर मुलुंड मागे टाकेल. तिच्यावरचे सूक्ष्म खळगे 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर वाचतो. वाचताना चुका होतातच, पण माहिती लिहितानाच ती विखरून आणि जादा आकड्यांची जोड देऊन लिहिलेली असते. या दुरुस्तीचं गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी 1960 मध्ये मांडलं. त्याच्या जोरावर रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर मजकूर सलग उडाला, तरी तो जसाच्या तसा परत मिळतो. म्हणून सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. आडवा ओरखडा रेघेचे इवलेसे तुकडे खातो आणि ते भरून निघतात. रेघेच्या बरोबरीने गेलेला ओरखडा मात्र मोठा घास घेतो. आणि जपायची ती छापील बाजू. आपण चमकती बाजू जपतो, पण तिथे मजकुरावर 1.2 मिलिमीटर जाड पारदर्शक प्लास्टिक आहे. छापील बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर नुसता लाखेचा हात मारलेला असतो.

मग बिघडतं कुठे? सीडी आतून बाहेर वाजते. सुरुवातीला मिनिटाला सुमारे 500 फेरे, आणि लेन्स बाहेर सरकेल तसा वेग उतरत शेवटी 200 वर. सीडी किंचित वाकडी असली तर तिचा हेलकावा कडेला सर्वांत जास्त. बोटांचे ठसेही कडेलाच. आणि लेन्स ज्या रुळावर सरकते, त्याच्या टोकापर्यंत ती क्वचितच जाते, कारण फार थोड्या सीडी 74 मिनिटं भरलेल्या असतात. जुन्या यंत्रात तिथलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. मैफल संपते भैरवीने, म्हणजे भैरवी बरोबर या धोक्याच्या पट्ट्यात येते. दुकानात प्लेअर बघायला जाल तेव्हा घरची सर्वांत लांब सीडी न्या आणि थेट शेवटचा ट्रॅक लावा. दुकानदार पहिलाच ट्रॅक लावून दाखवतो, तो सगळीकडेच वाजतो. आमच्या टेबलावर डिस्कमनने इथेच मान टाकली. आप्पा म्हणाले, "याला भैरवी येत नाही गं."

(चालू डिस्कमन मिळाला तर घरात त्याचं अँटी-शॉकचं बटण बंद ठेवा. धक्क्यातही गाणं तुटू नये म्हणून तो आवाज आधी मेमरीत भरतो, आणि जागा पुरावी म्हणून बऱ्याच मॉडेलांत तो दाबून भरतो. लोकलमध्ये ठीक आहे, झोपाळ्यावर कशाला?)

नव्या प्लेअरने भैरवी न अडता वाजवली, पण डग्गा असा घुमायला लागला की बंदिशीचे शब्द त्यात बुडाले. तेच हेडफोन मोबाइलला लावले तर डग्गा जागेवर. म्हणजे दोष हेडफोनचा नव्हे, भोकाचा.

वरच्या टाकीतून येणारा पाइप बारीक असला की स्वयंपाकघरातला नळ सोडताच बाथरूममधली धार मरते. पाइप रुंद असला की कितीही नळ सोडा, जोर टिकतो. प्लेअरच्या हेडफोन जॅकमागेही असाच एक पाइप असतो, त्याचा अंतर्गत रोध. तो ओहममध्ये मोजतात; ओहम जास्त, तर पाइप बारीक. स्वस्त यंत्रांत आणि कित्येक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिथे शंभर किंवा त्याहून जास्त ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो. पिन घालताना शॉर्ट झालं तरी काही जळू नये म्हणून. गंमत अशी की हेडफोनचा रोधही सगळ्या सुरांना सारखा नसतो. खोक्यावर 32 ओहम लिहिलेला हेडफोन खालच्या सुरांत, त्याचा पडदा जिथे आपसूक डोलू लागतो तिथे, समजा 80 ओहमवर जातो. मागे 100 ओहम असतील तर एरवी त्याच्या वाट्याला सुमारे 24 टक्के दाब येतो, आणि त्या खालच्या पट्ट्यात 44 टक्के. हा फरक पाच डेसिबलहून जास्त भरतो. तबलजीच्या डाव्या हाताला कोणीतरी वेगळा माइक दिल्यासारखं! मागे दोनच ओहम असतील तर तोच फरक डेसिबलच्या एक तृतीयांशाएवढा, कानाला न कळणारा. हा आकडा खोक्यावर सहसा नसतो, त्यामुळे मोबाइलशी तुलना हीच परीक्षा.

दुसरी परीक्षा तंबोऱ्याची. सीडी लावायची, गायकाने आ लावण्याआधी नुसता तंबोरा चालू असतो ते पंधरा-वीस सेकंद ऐकायचे. तंबोऱ्याची तार वक्र घोडीला अलगद घासत थरथरते, मध्ये जवारीचा दोरा असतो, आणि त्यातून वरच्या स्वरांची अख्खी जत्रा उठते. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांचा निस्पंद बिंदू (तार स्थिर राहण्याची जागा) आहे ते स्वर एरवी उमटायला नकोत. तंबोऱ्यात तेही उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्येच दाखवलं होतं. ही जत्रा नाजूक असते, आणि स्वस्त यंत्राची सूंऽऽ अशी खरखर नेमकी तिच्यावर धुरळा बसवते.

त्याहून वाईट विजेची गुणगुण. आपली वीज 50 हर्ट्झची. पॉवर सप्लाय नीट गाळत नसेल तर तिची दुप्पट, 100 हर्ट्झ, हेडफोनमध्ये झिरपते. हा सूर पेटीच्या पांढरी पाच या पट्टीच्या जरासा वर येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या मागे कोणीतरी भलत्याच पट्टीत, तोही चढा, तंबोरा लावून बसलंय असं वाटतं. मला तो ऐकू आला नाही, आप्पांना आला. नवा प्लेअर परत गेला. खोकं फोडलं म्हणून दुकानाने दोनशे रुपये कापले, बोलीत हे नव्हतं.

उरला डीव्हीडी प्लेअर. त्याला हेडफोनचं भोकच नाही, आणि तेच पथ्यावर पडलं. त्याच्या मागे नारिंगी रंगाचं कोअ‍ॅक्सिअल डिजिटल आउटपुट असतं, तिथून आकडेच बाहेर पडतात. आकड्यांचा आवाज करायचं काम आम्ही एका वेगळ्या, काडेपेटीहून जराशा मोठ्या डॅकवर सोपवलं. त्याला हेडफोनचा बरा जॅक आणि हाताने फिरवायचा व्हॉल्यूम आहे. खर्च तीन हजारांच्या आत. काही डीव्हीडी प्लेअर बाहेर देताना 44.1 चे 48 किलोहर्ट्झ करतात. मी तासभर कान देऊन ऐकलं, मला फरक सापडला नाही. घरी उतरवलेल्या सीडींसाठी मात्र आधी वाजवून बघावं. डीव्हीडीचा 650 नॅनोमीटरचा लाल लेझर त्यांच्या रंगद्रव्यावरून नीट परतत नाही, त्यासाठी यंत्रात 780 चा दुसरा लेझर लागतो. अगदी सुरुवातीच्या काही मॉडेलांत तो नसायचा. एमपीथ्रीच्या डिस्कबद्दल एवढंच: 128 किलोबिटला मूळ माहितीचा अकरावा हिस्सा उरतो, आणि आलाप आणि जोड असे दोन सलग ट्रॅक जुळतात तिथे बऱ्याचदा एक हिसका बसतो.

हेडफोन कानावर घट्ट बसणारे, मागून बंद घेतले. गोखले रोडचे हॉर्न रात्री साडेअकरालाही थांबत नाहीत, आणि बाहेरचा गोंगाट जेवढा आत येतो तेवढा आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात. वरच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी.

पहिल्या रात्री आप्पा झोपाळ्यावर बसले आणि हेडफोनची वायर सव्वा मीटरच निघाली. आता डीव्हीडी प्लेअर झोपाळ्याशेजारच्या स्टुलावर आलाय. भैरवी न अडता वाजते. झोका मात्र घ्यायचा नाही, पिन निघते.